वस्तीत भाजी लावताय? आधी या चुका टाळा

गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत पावसाळा आला की कुणीतरी उत्साहाने बियाणं घेऊन येतं. मे उजाडेपर्यंत तिथे नुसती भेगाळलेली माती उरते. पाण्याचा हिशेब न करता लावणी करणं ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती मीही केली आहे.

पहिल्या वर्षी आम्ही गल्लीत वीस क्रेटमध्ये भाजी लावली. थंडीत मेथी-पालक बघत राहावा असा आला. मार्चमध्ये नळ पहाटे जेमतेम पाऊण तास यायला लागला. एक मावशी रांगेतून दोन हंडे घेऊन आल्या आणि त्यातला अर्धा हंडा त्यांनी वांग्यांना घातला. त्या दुपारी त्यांच्या नातवाला प्यायचं पाणी शेजारून मागून आणावं लागलं. ते मला अजून सलतं. आता बी पेरण्याआधी मी आठवडाभर पहाटे नळावर बसते आणि घरागणिक हंडे मोजते. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं. ती बादली जेवढ्या क्रेटना पुरेल तेवढेच क्रेट. वर रसवंतीतून आणलेलं उसाचं चिपाड जाड अंथरायचं, ओल टिकते. उन्हाळ्यात फक्त शेवगा आणि कढीपत्ता.

माती जवळपासची उचलू नका. शेजारच्या देवनारच्या कचराभूमीवर 1927 पासून कचरा पडतोय. अशा मातीत, राडारोड्यात शिसं असण्याची भीती असते आणि पालेभाज्या ते शोषून घेतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं खत वापरा. खताला तीन महिने द्या. घाईने महिन्याभरात काढलेलं अर्धकच्चं खत मुळं जाळतं, हे सांगून सांगून थकले. भंगारातले केमिकलचे पिंप कितीही धुतले तरी नकोत.

काय लावायचं ते बाहेरच्याने ठरवू नये. लेट्यूस पडून राहतो. माठ, मेथी, पुदिना, मिरची हातोहात संपते.

आणि भाजी पिकली म्हणून रेशनकडे पाठ फिरवू नका. मेथीने पोट भरत नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटाचं रेशनकार्ड असलेल्या कुटुंबात महिन्याला माणशी 5 किलो आणि अंत्योदय म्हणजे सगळ्यांत गरीब कुटुंबाला 35 किलो धान्य ठरलेलं आहे. दुकानावर देखरेखीसाठी दक्षता समितीची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तिच्यात वस्तीतल्या बायका हव्यातच. आमच्याकडे मेथी खुडता खुडता कुणाचा अंगठा मशिनवर उमटला नाही, कुणाला किती किलो कमी मिळालं, हे एका वहीत उतरवतात. तीच वही घेऊन आम्ही शिधावाटप कार्यालयात जातो.