थंडीत कॅलेडियमचे कंद असे जपा

दिवाळी सरली की कॅलेडियमची पानं माना टाकतात. देठ लोळतात, रंग विटतो आणि कुंडी मेल्यासारखी दिसू लागते. मग घाबरून पाणी वाढवलं जातं, आणि नुकसान होतं ते तिथेच. हे झाड आपल्या अळूच्या कुळातलं, मूळचं दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातलं. कोरडा हंगाम आला की पानं टाकून कंदात विसावा घ्यायचा, हा त्याचा स्वभाव. विसाव्यातल्या कंदाला ओल सोसत नाही, तो सडतो. पहिल्या वर्षी मी असेच बरेच कंद गमावले, म्हणून कळकळीने सांगतो : पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करा आणि ती पुरती सुकल्यावर बंदच करा.

हिरवी पानं मात्र कापू नका, त्यांच्यातलं अन्न कंदात उतरू द्या.

कोकणात कुंडी कोरडी ठेवून पडवीत सरकवली तरी चालतं. नाशिक, निफाड, पुणे भागात रात्रीचा पारा 10 अंशांखाली जातो. तिथे कंद काढलेलेच बरे, कारण 15 अंशांखालच्या थंडीने ते खराब होतात. काढलेले कंद धुऊ नका. माती हाताने झटका, आठवडाभर सावलीत सुकवा आणि कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा लाकडाच्या भुशात, एकमेकांना न चिकटता, खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, फ्रीज तर नकोच. जातीच्या नावाची चिठ्ठी आत टाका, कारण पानं नसताना सगळे कंद सारखेच दिसतात. दर पंधरा दिवसांनी चाचपून मऊ पडलेला कंद बाजूला काढा. या झाडाच्या रसाने अळूसारखी खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. पानं, कंद लहान मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

लागवडीची घाई करू नका. होळीनंतर रात्री उबदार झाल्या की डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, वर ठेवून 4 ते 5 सेंटिमीटर खोल लावा. मोठा कंद कापायचा तर प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा हवा. काप राखेत बुडवून दोन दिवस सुकू द्या. मधला ठळक डोळा खुडला तर बाजूचे फुटतात आणि कुंडी भरगच्च दिसते, पानं थोडी लहान राहतात इतकंच. विक्रीच्या कुंड्यांसाठी मी तो खुडतोच. कोंब दिसेपर्यंत तीन ते सहा आठवडे जातात. तोवर माती नुसती दमट ठेवा. पुढे युरियाचा हात आखडता ठेवा, जास्त नत्राने पानांचा लाल-गुलाबी रंग हिरव्यात बुडतो.