ड्रायरला दोष देण्याआधी जाळी बघा: कपडे न वाळण्यामागच्या आपल्याच चुका

मागच्या जुलैत नणंदेचा फोन आला. "वहिनी, ड्रायर गेला गं. दोन तास फिरतोय आणि चादर अजून ओलीच." मी विचारलं, जाळी कधी साफ केलीस? पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "कसली जाळी?"

दाराजवळच्या खाचेत उभी बसवलेली, कपड्यांतून सुटलेला कापूस अडवणारी ती जाळी तिने पाच महिन्यांत एकदाही बाहेर काढली नव्हती. ओढून काढली तर तिच्यावर करड्या कापसाची चांगली पेरभर जाड गादी. चिमटीत धरून सोलली तशी एकसंध निघून आली, त्यात कुणाच्या तरी टी-शर्टाचा लाल दोराही होता. तीच चादर मग पाऊण तासात वाळली.

नऊ वर्षं ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ड्रायर वापरतेय. 'कपडे वाळत नाहीत' ही तक्रार घेऊन जे जे माझ्याकडे आले, त्यांतल्या बहुतेकांचं मशीन ठणठणीत होतं. हवेची वाट बुजलेली होती. ड्रायर आजूबाजूची हवा आत घेतो, हीटरवरून तापवतो, ड्रममधल्या कपड्यांतून फिरवतो आणि ओली झालेली हवा पाइपातून बाहेर टाकतो. भर पावसात हे कसं जमतं, असं सासरे विचारायचे. २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची मुंबईकडची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १६-१७ टक्क्यांवर येते, म्हणजे तिला पाण्याची भरपूर तहान लागते. पण पाणी पिऊन झाल्यावर तिला बाहेर पडायला जागा हवी.

पुढे जाण्याआधी एक गोंधळ मिटवते. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या शेजारच्या लहान टबलाही ड्रायरच म्हणतात. त्यात हीटर नसतो, तो कपडे गरगर फिरवून फक्त पाणी काढतो. तो नुसता 'हूंऽऽ' करून फिरत नसेल तर कपडे एका बाजूला जमलेत का, वरची प्लास्टिकची चकती दाबून बसवलीय का, झाकण पूर्ण लागलंय का आणि एखादा मोजा टबाच्या बाहेरच्या बाजूला घसरलाय का, एवढं प्लग काढून बघा. तरीही नुसता आवाजच येत असेल तर कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) किंवा ब्रेकची तार तपासायला मेकॅनिक बोलवा. इथून पुढे जे आहे ते गरम हवेच्या ड्रायरबद्दल.

जाळी झटकली, पण धुतली नाही

जाळी प्रत्येक वेळी साफ करणाऱ्या घरांतही कपडे ओले राहतात, त्याचं कारण सहसा फॅब्रिक सॉफ्टनर असतं. त्याचा पातळ, न दिसणारा थर जाळीच्या छिद्रांवर चढतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: जाळी नळाखाली आडवी धरा. पाणी सरळ खाली गेलं तर ठीक. वर साचून राहिलं तर हवाही तशीच अडतेय असं समजा. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळवा, मग बसवा. मी हे महिन्यातून एकदा करते.

ज्या मशीनमध्ये 'सेन्सर ड्राय' आहे, त्यांच्या ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की मशीनला ओल कळते. त्यांच्यावर सॉफ्टनरचा थर बसला की ही जाणीवच बोथट होते आणि मशीन वीस मिनिटांत 'झालं' म्हणून थांबतं, जीन्सचे खिसे मात्र गार आणि ओले. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसायच्या. आमच्याकडे या एका पुसण्याने मदरबोर्ड बदलायचा खर्च वाचला आहे, कारण निदान बोर्डाचं झालं होतं.

बाल्कनीतली मच्छरदाणी

ही खास आपल्या शहरांतली चूक. ड्रायरचा पाइप ड्राय बाल्कनीच्या बाहेर काढलेला असतो, त्यात कबुतर घरटं करेल म्हणून कुणीतरी तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधतं. आमच्याच घरी बांधला होता, मीच बांधला होता. जाळीतून निसटलेला बारीक कापूस त्या तुकड्यात अडकतो आणि काही दिवसांत त्याचं ओलं फडकं होतं. कबुतरासाठी झडपेचं झाकण बसवा, जे हवेच्या जोराने उघडतं आणि मशीन थांबलं की आपोआप मिटतं.

पाइप लांब असेल, दोन-तीन ठिकाणी वळला असेल किंवा मशीन भिंतीला रेटल्यामुळे मागे चेपला असेल तरी हाच त्रास. आणि पाइप बाहेर न काढता बंद बाल्कनीतच सोडला असेल तर बोलायलाच नको. तीच ओली हवा मशीन पुन्हा आत ओढतं, भिंतींना ओल येते, छताला काळे ठिपके धरतात. खिडकी उघडा, बाहेर पाऊस असला तरी उघडा.

वाफ बाहेर न सोडणाऱ्या, पाण्याची टाकी असलेल्या कंडेन्सर ड्रायरला पाइप लागत नाही, पण त्याची टाकी रिकामी करावी लागते आणि बहुतेकांत खाली एक कंडेन्सर (वाफेचं पाणी करणारा भाग) असतो तोही धुवावा लागतो. हीट पंपवाला, म्हणजे आतलीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारा ड्रायर, मुळात कमी तापमानावर सावकाश वाळवतो, तेव्हा त्याला वेळ जास्त लागला म्हणून घाबरू नका.

पिळणं वॉशिंग मशीनचं काम आहे

५ किलो सुती कपडे ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) पिळले तर त्यांत साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं. १४०० वर पिळले तर अडीच लिटरच्या आसपास. साध्या हीटरवाल्या ड्रायरला एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६३ युनिट वीज लागतेच, प्रत्यक्षात त्याहून जास्त. ज्यांच्या घरी 'ड्रायर लाइट खातो' म्हणून कुरकुर चालते, त्यांनी आधी धुण्याचा स्पिन वाढवावा. टॉवेल-चादरींना तो चालतो. नाजूक कपड्यांचं तुम्ही ठरवा.

ड्रम गच्च भरू नये हे सगळे जाणतात आणि सगळे भरतात. वॉशर-ड्रायर एकत्र असलेल्या मशीनमध्ये ही चूक तर ठरलेली. दारावर '८ किलो' लिहिलेलं असतं ते धुण्याचं. वाळवण्याची मर्यादा पुस्तिकेत वेगळी दिलेली असते, बहुधा ५ किलोच्या आसपास. आठ किलो धुवून तसंच ड्रायिंग लावलं की मधले कपडे शिजल्यासारखे गरम आणि ओले निघतात. याच मशीनची दुसरी गंमत: अनेक मॉडेल वाफेचं पुन्हा पाणी करायला नळाचं गार पाणी वापरतात. धुणं झालं म्हणून आपण सवयीने नळ बंद करतो, किंवा सोसायटीचं पाणी दुपारी जातं, आणि मशीन बिचारं तासभर नुसतं फिरत राहतं. तक्रार नोंदवण्याआधी नळ बघा.

"डायरेक्ट करून देऊ का?"

ड्रम फिरतोय, हवा येतेय, पण गार. इथे खरा बिघाड असू शकतो: हीटर तरी गेला असेल, नाहीतर त्याला सांभाळणारा थर्मोस्टॅट किंवा फार तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कट-ऑफ. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. आलेला मुलगा मशीन उघडून म्हणाला, "मॅडम, कट-ऑफ उडालाय. पार्ट यायला आठ दिवस. तोवर डायरेक्ट करून देऊ का?" पावसाळा, घरात दोन लहान मुलं, दोरीवर तीन दिवसांचे लंगोट. डायरेक्ट म्हणजे कट-ऑफ वगळून तारा थेट जोडणं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या बनियनच्या शिवणी तपकिरी होऊन बाहेर आल्या आणि बाल्कनीत जळक्या कापसाचा वास. त्याच क्षणी प्लग काढला आणि आठ दिवस पंख्याखाली कपडे वाळवले.

तो कट-ऑफ म्हणजे शेवटचा पहारेकरी. तो उडतो तेव्हा आत काहीतरी प्रमाणाबाहेर तापलेलं असतं, आणि त्याचं नेहमीचं कारण पुन्हा तेच, तुंबलेली हवा. म्हणून नवा बसवताना जाळी, पाइप आणि आतला पंखा साफ करून घ्यायचाच, नाहीतर नवाही उडेल. मागच्या बाजूला रिसेटचं बटण असेल आणि ते दाबल्यावर मशीन चालू झालं तरी कारण शोधणं टळत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० च्या नोंदींवरून घरगुती ड्रायरच्या आगींचा आकडा वर्षाला सुमारे २,९०० काढला होता, आणि कारणांत पहिला क्रमांक साफसफाई न करण्याचा होता. आपल्याकडे ड्रायर कमी, पण कापूस तोच.

त्याच धाग्यातली आणखी एक गोष्ट: बाळाच्या मालिशची तेलकट दुपटी, तळणाची फडकी, दिवाळीत उटणं-तेल पुसलेले पंचे. एका धुण्यात तेल पूर्ण निघत नाही. असे कपडे ड्रायरमधून गरम काढून ढीग करून ठेवले तर काही तेलांची उष्णता आतल्या आत वाढत जाते. ते दोरीवरच घाला. आणि शेवटची दहा मिनिटं मशीन गार हवा फिरवतं, तेव्हा घाई करून मध्येच बंद करू नका.

प्लग, व्होल्टेज, आवाज

२००० वॉटचा ड्रायर साधारण ९ अँपिअर ओढतो. त्याला जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट हवा. मोबाइलच्या चार्जरशेजारच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावलात तर आधी बोर्ड पिवळा पडेल, मग वितळेल. प्लगला हात लावून बघा, तो तापत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरतं, तेव्हा २३० व्होल्टचा हीटर जेमतेम साठ टक्के ताकदीने तापतो. मशीन दुरुस्त करून उपयोग नाही, दुपारी लावा.

आवाजाचं थोडक्यात. टणटण आली तर नाणं किंवा ब्लाऊजचा हूक. पहिली पाच मिनिटं धपधप येऊन थांबली तर बरेच दिवस पडून राहिलेल्या मशीनचे रोलर चेपलेत, फिरून सरळ होतात. मोटर चालू आहे पण ड्रम हलत नाही, आणि प्लग काढून हाताने ड्रम ढकलला तर तो अगदी हलका फिरतो, तर पट्टा तुटला. काहीच सुरू होत नसेल तर दाराच्या फटीत अडकलेली पायजम्याची नाडी आधी शोधा. हसू नका, दोनदा झालंय.

फॉल लावलेल्या सुती साड्या मी ड्रायरमध्ये घालत नाही. फॉल आटतो आणि काठ चुण्या घेऊन वर येतो. डबल बेडची चादर एकटीच घालते, नाहीतर ती बाकी सगळ्यांना पोटात घेऊन गोळा होते. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची गोधडी मात्र ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघत कपाटात पडून असते.