व्याही इटलीचे, मुक्काम नौपाड्यात

आमच्या धाकटीचं सासर बोलोन्याचं. व्याही-विहीण हिवाळ्यात आमच्याकडे ठाण्याला मुक्कामाला असतात, म्हणून ज्यांच्याकडे असे पाहुणे येणार आहेत त्या बायका मला गाठून विचारतात, काय काय करायचं?

आधी फुलांचं बघा. जांभळी नाक्यावर शेवंती कितीही टवटवीत दिसली तरी स्वागताला घेऊ नका. इटलीत ती कबरीवर वाहायची. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत जिकडेतिकडे शेवंतीच. गुलाब घ्या, मोगरा घ्या.

दारात गालाला गाल लावतात, दोन्ही बाजूंनी. विहीणबाई पुढे झाल्या तर मागे सरू नका, बिचाऱ्या हिरमुसतात. घरात बूट काढायची तिकडे पाहुण्यांवर सक्ती नसते, तेव्हा आधीच सांगा आणि नव्या सपाता तयार ठेवा. पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात बसवू नका. मानेला वारा लागला की माणूस आजारी पडतो, यावर तिकडच्या वडीलधाऱ्यांचा ठाम विश्वास. माझ्या सासूबाईंशी त्यांचं लगेच जमलं ते याच मुद्द्यावर.

आता जेवण. त्यांच्याकडे पदार्थ एकामागून एक येतात: आधी पास्ता किंवा भात, मग मांस-मासे आणि सोबत भाजी, मग गोड, शेवटी कॉफी. आपलं ताट वाढलं की ते कोशिंबीर आधी संपवतात, मग भाजी, आणि पोळी कोरडीच राहते. म्हणून पहिला घास स्वतः घेऊन दाखवा. वाटीतली उरलेली आमटी पोळीने पुसून खाल्लीत तर लाजू नका, घरच्या जेवणात ताटलीतला सॉस पावाने पुसून घेणं ही त्यांचीही आवडती गोष्ट. आग्रह त्यांना नवा नाही. पण दुसऱ्यांदा ‘नको’ आलं की डाव खाली ठेवा.

आणि हात वाळायच्या आत ताटं उचलू नका! आपल्याकडे जेवण झालं की ओटा आवरायचा आणि आडवं व्हायचं. रविवारी दुपारी त्यांचं खरं बसणं तिथून पुढे सुरू होतं. चौघं एकदम बोलतील, हात हलतील, मधेच एकमेकांना तोडतील. भांडण नसतं ते.

कॉफी दुधाची देऊ नका, दुधाची सकाळी. आमच्या विहीणबाई आपलं मोका भांडं घेऊनच येतात. ही रचना १९३३ सालची, खाली पाणी, मधे गाळणी, वर कॉफी. पाणी झडपेच्या खालपर्यंतच, पूड दाबायची नाही, लहान बर्नर, मंद आच. गुरगुरायला लागलं की उतरवा. पूड बिनचिकोरीची मागा, आपल्या फिल्टर कॉफीत बहुधा चिकोरी असते. आणि ते भांडं साबणाने घासायला मोलकरणीच्या हाती देऊ नका, महाभारत होईल.

संध्याकाळी जेवणाआधी बरे कपडे घालून गावात फेरी मारायची, ही इटलीतल्या गावोगावची रीत. आपल्याला तलावपाळी आहेच. मासुंदा तलावाभोवती घेऊन जा, पण व्यायामाच्या चालीने नको. ओळखीचं कुणी भेटलं की थांबा, ओळख करून द्या, गडकरी रंगायतनच्या पाट्या दाखवा. एका फेरीला बराच वेळ जातो, म्हणून कुकर आधी लावू नका. रात्रीचं जेवण नऊला धरा.