प्रिंटिंगचा कोर्स करायचाय? मग आधी मशीनपाशी उभं राहा

कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आलं म्हणजे प्रिंटिंग आलं असं समजणारी पोरं आपल्याकडं लई झालीत. पत्रिका करता येते, वाढदिवसाचा बॅनर करता येतो, झालं. पण फाईल मशीनवर गेल्यावर तिचं काय होतं हे ज्याला कळतं त्यालाच प्रेसवाला धरून ठेवतो, बाकीचे सीझन संपला की घरी. म्हणून कॉलेज निवडताना एकच बघा, तिथं ऑफसेट मशीन चालू आहे का आणि पोरांना त्याला हात लावू देतात का. ताडपत्री टाकून झाकलेलं मशीन दाखवून ॲडमिशन करायलेत त्यांना लांबूनच नमस्कार.

रस्ते तीन आहेत. दहावीनंतर 3 वर्षांचा प्रिंटिंग टेक्नॉलॉजी डिप्लोमा, त्यासाठी मुंबईचं शासकीय मुद्रण तंत्र संस्था हे नाव लक्षात ठेवा, जे. जे. स्कूलच्या आवारात, सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. दुसरं, बारावी सायन्सनंतर पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रिंटिंगची डिग्री, डिप्लोमावाल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिसरं आयटीआय, ट्रेडचं नाव लिथो ऑफसेट मशीन माइंडर. पण हा ट्रेड प्रत्येक आयटीआयला नसतो, त्यामुळं ऑप्शन भरायच्या आधी यादी नीट बघा, उगं मित्रानं भरलं म्हणून भरू नका.

आता शिकायचं काय. ऑफसेटचं सगळं गणित तेल आणि पाणी एकमेकात मिसळत नाही एवढ्यावर उभं आहे. प्लेट सपाटच असते, अक्षराची जागा शाई धरते आणि कोरी जागा पाणी धरते, तिथून छाप रबरी ब्लँकेटवर आणि ब्लँकेटवरून कागदावर. पाणी कमी पडलं की कोऱ्या जागेत शाई धरायला लागते, जास्त झालं की काळा रंग राखाडी दिसतो आणि कागद ताणला जाऊन रजिस्टर, म्हणजे रंग एकावर एक बसणं, हलतं. हा तोल पुस्तकात वाचून येत नाही. चांगला मशीनमन शाईच्या रोलरचा आवाज ऐकतो, बारीक चर्र असा एकसारखा आवाज असला तर ठीक, चटचट वाजायला लागलं की शाई जास्त झाली. शीट काढायची, भिंग लावायचं, कोपऱ्यातल्या चार रंगांच्या क्रॉसच्या रेघा एकावर एक बसल्यात का बघायच्या, परत चालू. आपल्याकडं मे महिन्यात 42 डिग्रीत पाणी ट्रेमधून भराभर उडतं आणि कागद कोरडा पडून एकमेकाला चिकटतो, दोन-दोन शीट एकदम ओढल्या जातात, म्हणून शिकताना कागद हवा भरून सुटा करायची सवय आधी लावा. आणि रोलर-ब्लँकेट धुताना मशीन बंद ठेवून किंवा इंच-इंच सरकवतच, मनगटात कडं, गळ्यात गमछा-ओढणी अजिबात नको, याच्यात मस्करी नाही.

दुसरी गोष्ट एस्टिमेट, ही पोरं सगळ्यात जास्त टाळतात आणि मालक सगळ्यात आधी हेच विचारतो. समजा लातूरच्या एखाद्या क्लासवाल्यानं 96 पानी नोट्सच्या 1000 प्रती सांगितल्या, साइज वन एट डेमी, म्हणजे 18 बाय 23 इंची डेमी कागदाचा आठवा भाग. 23 बाय 36 इंचाच्या एका शीटमधी 32 पानं बसतात, म्हणजे एका पुस्तकाला 3 शीट, हजाराला 3000, म्हणजे 500 च्या रीमनं 6 रीम. कागद 70 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा, घेतला तर एक रीम साधारण 18.7 किलो, सहा रीम 112 किलोच्या आसपास, त्यावर वेस्टेज वेगळं धरा. 18 बाय 23 च्या मशीनवर एका बाजूला 8 पानं, म्हणजे सिंगल कलरला 12 प्लेटा. हे कागद-पेनावर करता आलं पाहिजे, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. पानं कशी लागतात ते कळत नसेल तर कोरा कागद घ्या, चार घड्या घाला, पानांना नंबर टाका आणि उलगडा, कळून जातं.

फाईलचं थोडक्यात सांगतो. फोटो 300 डीपीआय, रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे, आणि ब्लीड, म्हणजे कटिंगसाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई, 3 मिमी. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमधी असेल तर प्लेटला पाठवायच्या आधी कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाका, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वेलांट्या आणि रफार कुठल्या कुठं जातात, आणि पत्रिकेवर नवरीचं नाव चुकलं तर गिऱ्हाईक पैसे देत नाही ते देत नाही, वर गावभर सांगतं.

काम कुठं मिळतं हा खरा प्रश्न. जालन्यात बियाण्याचा धंदा मोठा आहे, पण ते पाऊच प्लास्टिक फिल्मवर छापतात, ते काम ग्रॅव्हुअर नाहीतर फ्लेक्सो या छपाईच्या पद्धतींचं, कागदी ऑफसेटपेक्षा वेगळं, त्यामुळं कोर्समधी पॅकेजिंगचा विषय असेल तर तो सोडू नका. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा एमआयडीसीकडं औषधांचे खोके, लेबलं, कोरुगेटेड बॉक्स. माझ्या मते पुढची वीस वर्षं पॅकेजिंगचीच आहेत, बिलबुकं आणि पॅम्फ्लेट कमी होत चाललंय. कोर्स झाला की अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव टाका, 1961 च्या कायद्यानं स्टायपेंड द्यावाच लागतो, त्यामुळं फुकटात राबवून घेणाऱ्याला "शिकायलोय ना" म्हणून गप्प बसू नका.

आणि छोट्या प्रेसला लागलात तर एक कलम पाठ करा. लोकसभा-विधानसभेच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतोच, 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 127 क. प्रकाशकाकडून दोन साक्षीदारांच्या सह्यांचं घोषणापत्र दोन प्रतीत घ्यायचं आणि छापल्यावर त्याची एक प्रत पत्रकासोबत कलेक्टर ऑफिसला पाठवायची. नाहीतर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रात्री अकराला कार्यकर्ता येऊन "भाऊ, नाव नका टाकू, सकाळी पाहिजेत" म्हणतो, तेव्हा मशीन चालू करायच्या आधी सही घ्यायची.