नवऱ्याच्या नोकरीमागे जर्मनीत: धुळे-जळगावहून निघणाऱ्या मुलींसाठी

आपल्या खान्देशात आता स्थळ सांगतानाच 'मुलगा जर्मनीत ब्लू कार्डवर आहे' असं सांगतात. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा तिथला राहण्याचा आणि नोकरीचा परवाना. मग पगाराची चौकशी होते, घराची होते, तिथल्या थंडीचीही होते. मुलीच्या एम.एस्सी.चं तिथे काय होणार, हे मात्र बैठकीत कुणी काढत नाही. सुट्टीत मी धुळ्याला आले की ओळखीतल्या मुली घरी येतात आणि नेमकं हेच विचारतात. त्या सगळ्यांना मी एकच सांगते: तिथे जे जे तुमच्या स्वतःच्या नावावर होऊ शकतं, ते पहिल्या आठवड्यापासून करून घ्या. त्याची तयारी इथूनच सुरू होते.

सगळ्यात आधी नाव. आपल्याकडे पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि लग्नपत्रिकेवर तिसरंच लाडाचं, असं सर्रास असतं. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, पासपोर्टसाठीही नाही. पदव्या माहेरच्या नावाच्या असतील तर पासपोर्टही त्याच नावाचा राहू द्या, हे मी मनापासून सांगते. सासूबाईंना नीट समजावलं तर त्या ऐकतात, माझ्या ऐकल्या. नाव आधीच बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा. दुसरी गोष्ट, विवाह नोंदणी. लग्न गावी झालं असेल तर ग्रामसेवकाकडे, शहरात झालं असेल तर महापालिकेत किंवा नगरपालिकेत लगेच करून टाका. दाखल्यावरच्या नावाचं एकेक अक्षर दोघांच्या पासपोर्टशी जुळवून पाहा. एका वेलांटीने व्हिसा अडकतो.

आपल्या विद्यापीठाची एक खास अडचण आहे. ते 1990 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि 2018 साली त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्यामुळे अनेकींची बी.एस्सी. जुन्या नावाची आणि एम.एस्सी. नव्या नावाची असते. जर्मन माणसाला ही दोन वेगळी विद्यापीठं वाटतात. नामांतराची अधिकृत प्रत आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका सोबत न्या. तिथून मागवायच्या म्हटलं तर घरच्या कुणाला तरी जळगावच्या चकरा माराव्या लागतात.

भाषेबद्दल घरातले म्हणतात, 'तिकडे गेल्यावर शिकेलच की.' ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेची अट नाही, हे खरं आहे. तरीही व्हिसाची वाट पाहण्यात जे महिने जातात त्यात ए-वन आणि जमलं तर पुढची पायरी ए-टू करा. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग ऑनलाइनही असतात. पाहुण्यारावळ्यांत आणि खरेदीत हा वेळ कसा निघून जातो, कळतही नाही.

आम्ही राहतो मानहाइमला. तिथे गावाच्या मध्यभागी रस्त्यांना नावंच नाहीत. सगळा भाग चौकोनांत विभागलेला आहे आणि पत्ता सी 4 किंवा क्यू 6 असा लिहितात. धुळ्याच्या गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाचमध्ये वाढलेल्या मला ते गाव पहिल्याच फेरीत ओळखीचं वाटलं.

पोचल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ती झाली की दारावरच्या टपालपेटीवर तुमचं आडनाव लावून घ्या. हे मी पुन्हा पुन्हा सांगते. तिथे आजही सगळं पत्राने येतं: अकरा आकडी कर-क्रमांक, आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेचा पिन. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. तुम्ही माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर पेटीवर दोन नावं हवीत. नवरा सरकारी विमा योजनेत असेल आणि तुम्हाला उत्पन्न नसेल, तर त्याच्याच विम्यात तुमचा समावेश होतो, वेगळा हप्ता पडत नाही. पण कार्ड तुमच्या नावाचं वेगळं येतं. बँकेत खातंही स्वतःचं उघडा. घरखर्च तिथूनच होऊ द्या, म्हणजे दुकान, भाडं, वीजबिल यांचे व्यवहार आपोआप कळायला लागतात.

नंतर इंटेग्रात्सिओन्सकुर्स, सरकारी मदतीने चालणारा भाषेचा वर्ग. त्यात 600 तास भाषा आणि 100 तास तिथला कायदा, इतिहास आणि समाज शिकवतात. शेवटी ए-टूच्या पुढच्या पायरीची, बी-वनची परीक्षा असते. बऱ्याच ठिकाणी तो फोक्सहोखशूलंमध्ये, म्हणजे गावच्या प्रौढशिक्षण केंद्रात चालतो. नवऱ्याच्या ऑफिसात इंग्रजी चालतं, म्हणून त्याची जर्मन रखडते आणि तुमची पुढे जाते. वर्षभरात डॉक्टरकडे, घरमालकाकडे, नगरपालिकेत तुम्हीच बोलायला लागता. माझ्या वर्गात सिरियाची शिक्षिका होती, तुर्कस्तानची शिवणकाम करणारी बाई होती, ब्राझीलची दंतवैद्य होती. आपली पदवी बॅगेत ठेवून 'मी, तू, तो' गिरवणाऱ्या या बायकांनी मला जो धीर दिला, तो फोनवरून माहेर देऊ शकलं नसतं.

आता नोकरी. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते आणि तसं तुमच्या तिथे राहण्याच्या परवान्यावर छापलेलं असतं. ती ओळ स्वतः वाचा. पुढचा रस्ता तुमच्या शिक्षणावर ठरतो. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, शाळाशिक्षिका हे तिथे नियंत्रित पेशे आहेत; पदवीला रीतसर मान्यता मिळाल्याशिवाय त्यांत काम करता येत नाही आणि त्याला वेळ लागतो. आपल्याकडे शिरपूर, चोपड्याकडच्या बी.फार्म. झालेल्या मुली खूप, त्यांनी हे आधीच मनाशी धरून निघावं. रसायनशास्त्र, संगणक, वाणिज्य यांना तशी अट नाही. 'आनाबिन' या सरकारी संकेतस्थळावर आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधा. विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे तिथे मान्य असल्याची खूण, असेल तर बाजू भक्कम. हवं तर पदवीच्या मूल्यमापनाचं सरकारी प्रमाणपत्रही शुल्क भरून मिळतं.

मी इथे कॉलेजात प्रात्यक्षिकं घेत होते. ऱ्हाइन नदीपलीकडे लुडविग्सहाफेनला रसायनांचे मोठे कारखाने, म्हणून मी प्रयोगशाळांतच अर्ज केले. सुरुवात मिनीजॉबने, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच कमाई होणाऱ्या छोट्या नोकरीने झाली. 2025 मध्ये त्यातल्या कमाईची मर्यादा महिना 556 युरो होती आणि तेवढ्या कमाईत नवऱ्याकडचा विमा टिकतो. पगार लहान, पण तिथल्या माणसाने सही केलेलं कामाचं प्रमाणपत्र हातात येतं आणि पुढच्या मुलाखतीत त्याची किंमत पदवीपेक्षा जास्त ठरते.

पूर्ण नोकरी लागली की करवर्गाचा, म्हणजे दर महिन्याच्या पगारातून किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या वर्गाचा प्रश्न येतो. नवरा तीन नंबरच्या वर्गात आणि बायको पाचमध्ये, असं बरीच जोडपी करतात, कारण महिन्याला घरात एकूण पैसे जास्त येतात. पण त्याने बायकोचा हातात पडणारा पगार खूप घटतो, आणि बाळंतपणानंतरचा पालकभत्ता त्याच निव्वळ पगारावर मोजतात. मूल व्हायचं मनात असेल तर दोघांनी चार नंबर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. हा हिशेब नवऱ्यासोबत बसून कागदावर मांडा.

हिवाळ्याबद्दल थोडंसं. पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या आपल्याला थंडी कपड्यांनी भागवता येते. अंधार जड जातो. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. त्या वेळी धुळ्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि माय झोपायच्या तयारीत असते. म्हणून फोन दुपारी करा आणि संध्याकाळ घराबाहेरच्या कशाला तरी बांधून टाका: वर्ग, पोहणं, ग्रंथालय, काहीही. दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवून दोन घरांत राहू पाहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचं मन कुठल्याच घरात लागत नाही.

खाण्याची चिंता मात्र करू नका. तुर्की दुकानांत वांगी, मेथी, कोथिंबीर, मिरच्या सगळं मिळतं. भरताची आपली हिरवी वांगी मिळत नाहीत. काळी वांगी ओव्हनमध्ये भाजून, कांद्याची पात आणि दाणे घालून भागतं. कळण्याचं पीठ आणि बिबडे घरून न्या. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, घरोघरी धुराची घंटा बसवलेली असते.

गाडी चालवत असाल तर शेवटचं ऐका. भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि खर्च हजारांत जातो, युरोत. लेखी परीक्षा इंग्रजीतही देता येते. भाषेचा वर्ग चालू असतानाच तिचा अभ्यास सुरू करा आणि इथला परवाना मुदतीत आहे ना, हे निघण्याआधी आरटीओत जाऊन बघून घ्या.