सचित्र फायनल प्रोजेक्टसाठी शिष्यवृत्ती: नाशिकच्या कला विद्यार्थ्यांनी अर्ज कसा करावा

फायनल इयरला सचित्र पुस्तक करायचं ठरलं की विद्यार्थी ‘सचित्र प्रोजेक्टसाठी शिष्यवृत्ती’ असं शोधायला लागतात. त्या नावाची योजना बहुधा सापडतच नाही, आणि मग मिळू शकणारा पैसाही हातचा जातो. त्यामुळे सुरुवातीलाच दोन हिशेब वेगळे मांडा: फी आणि राहण्याचा खर्च एकीकडे, कागद, रंग, स्कॅनिंग, छपाई आणि बांधणी दुसरीकडे. पहिला खर्च सरकारी योजनेतून हलका झाला, तर घरचा पैसा दुसऱ्यासाठी मोकळा होतो.

पहिल्या भागासाठी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं पोर्टल. तिथे कला संचालनालयाच्या नावाखाली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना आहेत. शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी, तिची मर्यादा अडीच लाख. तुमचा अभ्यासक्रम आणि कॉलेज पोर्टलच्या यादीत दिसतं का, हे ऑफिसमधल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर आधी विचारून घ्या. पैसा सर्वांत जास्त अडकतो तो बँक खात्यावर. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं आधारला जोडलेलं असेल, तर अर्ज मंजूर होऊनही हातात काही पडत नाही. बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते, तपासून घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. त्यावर ‘पर्यंत वैध’ म्हणून छापलेली तारीख वाचा आणि ती संपत आली असेल तर सेतू केंद्रात लगेच अर्ज टाका, कारण फॉर्म भरायच्या दिवसांत तिथे रांग असते.

प्रोजेक्टच्या जवळची मोठी योजना म्हणजे केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती. वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, मुदत दोन वर्षं. एकूण १ लाख २० हजार होतात, पण ते सहा-सहा महिन्यांच्या चार समान हप्त्यांत येतात, म्हणजे एका वेळी ३० हजार. अर्ज, मुलाखत, निकाल यात बराच काळ जातो. फायनल इयरला अर्ज केला तर प्रोजेक्ट जमा झाल्यावर पहिला हप्ता येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून ही योजना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच धरावी, असं आमचं ठाम मत आहे.

तिची एक अट विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटते: गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षांचं प्रशिक्षण. नुसत्या कॉलेजच्या पत्रावर ती वर्षं भरत नाहीत. आधी ज्या चित्रकला वर्गात शिकलात, तिथल्या सरांचं किंवा मॅडमचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. त्यात कधीपासून कधीपर्यंत शिकलात ते स्पष्ट हवं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची प्रमाणपत्रं सोबत जोडा. दृश्यकलेत रंगचित्र, ग्राफिक्स, शिल्प असे विषय आहेत. इथे ग्राफिक्स म्हणजे मुद्राचित्रण (ठसा तयार करून त्यावरून चित्र छापणं) हे लक्षात ठेवा. लिनोकट किंवा वुडकटमधून पुस्तक करत असाल तर तो विषय निवडा, जलरंगात करत असाल तर रंगचित्र. उपयोजित कलेची मुलं ग्राफिक डिझाइन समजून चुकीचा विषय भरतात आणि मुलाखतीत उत्तर देताना अडखळतात.

आता प्रस्ताव. ‘नाशिकची संस्कृती’ या विषयाला कोणी पैसे देत नाही, कारण त्यात काय काढणार हे कळत नाही. विषय आवळा. गोदावरीला पूर आला की पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. गुडघा, कंबर, छाती, गळा अशी चढती पातळी हाच पुस्तकाचा क्रम होऊ शकतो. रंगपंचमीच्या रहाडी (रंग खेळायचे जमिनीतले हौद) किंवा तांबट आळीतलं तांब्याच्या भांड्यांचं ठोककाम हेही असेच नेमके विषय. प्रस्ताव दोन पानांत संपवा: काय, कोणासाठी, किती चित्रं, कोणतं माध्यम, किती महिने, किती पैसे.

प्रस्तावासोबत डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला कच्चा नमुना, न्याच. आठ ए-४ कागद एकत्र मधोमध दुमडले की ३२ पानी ए-५ पुस्तक होतं. घडीवर दोन पिना मारा आणि पेन्सिलीने पानं भरा. पान १ आणि ३२ सुटी, मधले १५ जोडपानांचे स्प्रेड. परीक्षक ही डमी उलगडतात तेव्हा पात्राचा चेहरा नेमका घडीत गेलेला दिसतो, किंवा सलग चार स्प्रेड एकाच अंतरावरून काढलेले दिसतात. हे दोष सुट्या चित्रांत कधीच कळत नाहीत, म्हणून फक्त सुटी सुंदर चित्रं नेणारे मागे पडतात.

बजेट डमीवरूनच काढा. १५ स्प्रेड, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान मिळून १७ चित्रं. बिघडतील म्हणून ७ जादा धरा, झाली २४. २२ × ३० इंची, ३०० जीएसएम जाडीच्या शीटचे चार तुकडे होतात, म्हणजे ६ शीट. ११ × १५ इंचाच्या तुकड्यावर ए-४ आकाराचा स्प्रेड चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी सोडलेली जादा कड) धरून आरामात बसतो. स्कॅनिंग रंगीत चित्रांना ३०० डीपीआय, शाईच्या रेषांना ६००. छपाईची दोन प्रेसकडून लेखी कोटेशन आणा. त्यात कलर प्रूफ (छपाईआधीचा रंगीत नमुना) आणि जीएसटी धरलाय का ते विचारा. ‘इतर खर्च’ म्हणून मोठा आकडा लिहिला की पाहणाऱ्याला शंका येते.

मजकूर दुसऱ्याचा असेल तर परवानगी आधी. कुसुमाग्रजांच्या कवितेवर प्रोजेक्ट करावासा वाटणं नाशिकमध्ये साहजिकच आहे, पण त्यांचं निधन १९९९ मधलं आणि स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०५९ संपेपर्यंत राहतो. लेखी परवानगीशिवाय छापण्यासाठी पैसे मागितले तर अर्ज तिथेच अडतो. आजीच्या तोंडून स्वतः लिहून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या घेतल्यात तर ही अडचण बहुतेक येत नाही, मात्र सांगणारीची संमती आणि नाव पुस्तकात हवंच.

गावातले ट्रस्ट, रोटरीसारखे क्लब आणि ज्ञातिसंस्था हेही दार ठोठावण्यासारखं आहे. ज्ञातिसंस्थांची मदत कित्येकदा परतफेडीची असते, ते सही करण्याआधी वाचा. अशा ठिकाणी पूर्ण प्रोजेक्टचे पैसे मागण्याऐवजी एकच बाब मागा, जसं दहा प्रतींची छपाई. बिल तुमच्या नावावर घ्या, मूळ बिल संस्थेला द्या, झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

पैसे उशिरा आले किंवा कमी आले तर आधी प्रती कमी करा: दोन कॉलेजला, एक स्वतःला, एक देणगीदाराला. मग बांधणी साधी करा, हार्डबाउंडऐवजी पिनांची. कागदावर मात्र काटकसर करू नका. पातळ कागद पाण्याने फुगतो, स्कॅनमध्ये त्याच्या सुरकुत्यांची सावली येते आणि ती काढत बसण्यात जमा करायची तारीख निघून जाते.