शाकारणीला हात घालण्याआधी

आमचं घर राजापूर तालुक्यातलं. चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, वर मंगलोरी कौलं. वडिलांच्या पश्चात ते माझ्याकडे आलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात मी शाकारणी, म्हणजे छपराची दुरुस्ती, काढली. रजा, पैसे, माणसं, सगळं जमवलं होतं. तरी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माजघरात घमेली मांडायची वेळ आली, कारण एक गोष्ट राहून गेली. ती आधीच सांगतो, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल: नवी कौलं बघायला जाताना घरावरचं एक जुनं, अखंड कौल बरोबर न्या. फोटो नको, कागदावर लिहिलेलं माप नको. कौल न्या.

आता क्रमाने. गावचं घर बहुतेक वेळा एकट्याचं नसतं. घरपट्टीचा उतारा काढून कुणाकुणाची नावं आहेत ते बघा आणि चुलत भावंडांना, आत्यांना काम सुरू होण्याआधी फोन करा. वासे, म्हणजे छपराचे उतरते लाकडी दांडे, उतरवल्यावर कुणी येऊन हरकत घेतली तर घर उघडं पडतं. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून टाळा.

वेळ. शिमगा आटोपला की वर चढून बघणी करा. एप्रिल-मेमध्ये गडी आंब्याच्या पेट्यांत गुंतलेले असतात, सुतार तर चार घरांना शब्द देऊन बसलेला असतो. मृगापर्यंत वेळ आहे या हिशेबावर राहू नका. २०२० साली निसर्ग वादळ ३ जूनला किनाऱ्यावर आलं, २०२१ साली तौक्ते मेच्या मध्यावरच आलं, आणि वळीव तर कधीही येतो. शेवटचं कौल १० मेच्या आत बसायला हवं असं धरा आणि तिथून मागे दिवस मोजा. ताडपत्री पहिल्या दिवशीच घरात हवी, अख्खं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, झाकून दोन्ही बाजूंना हातभर उरेल एवढी मोठी. मातीत बांधलेल्या भिंतीचा माथा एकदा भिजला की आतली माती सुटते, नंतर वरून कितीही चांगलं छप्पर घातलंत तरी ती परत येत नाही.

बघणी करताना कौलांपेक्षा लाकडाकडे लक्ष द्या. वाशाचं मधलं अंग दिसायला ठणठणीत असतं. कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक आणि वळचणीकडचं, म्हणजे छपराच्या खालच्या कडेचं, टोक. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर तो वासा गेला. वाळवीच्या मातीच्या रेघा खरवडून वर कुठपर्यंत गेल्यात ते बघा. आमच्याकडे वासे आईन आणि किंजळीचे, ते टिकले होते. रिपा, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या, पोफळीच्या, त्या निम्म्या हातात चुरा होऊन आल्या. बघणीलाच खूण करून ठेवा, म्हणजे सुताराला लाकूड किती लागेल ते एकदाच सांगता येतं.

आता कौलं. मला वाटायचं मंगलोरी कौल म्हणजे एकच कौल. तसं नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, पुढे त्याच घाटाची कौलं किनाऱ्यावर अनेकांनी पाडली आणि प्रत्येकाचा साचा आपला आपला. भारतीय मानकात आजही एक माप नाही, तीन आहेत: ४१० बाय २३५ मिलिमीटर, ४२० बाय २५० आणि ४२५ बाय २६०. जुन्या कौलाची पाठ उलटून बघा, कारखान्याची छाप दिसेल. एकाच घरावर दोन-तीन छापांची कौलंही सापडतात, कारण आजोबांनी आणि पणजोबांनी वेगवेगळ्या वेळी ती चढवलेली असतात. तसं असेल तर प्रत्येक छापेचं एकेक न्या.

मी काय केलं? फोनवर फोटो पाठवला, रंग जुळला, ६०० कौलं मागवली. २४ मेला ट्रक आला. नव्या कौलाची कडेची खाच जुन्यात बसेना, दोन सुतांचा फरक. दोन सूत म्हणजे पाव इंच, पण पाणी आत यायला तेवढं पुरतं. शिवाय नवं कौल लांबीला जास्त. कौलाच्या खालच्या अंगाची टोकं रिपेत अडकली तरच ते जागेवर राहतं, आणि रिपा ठोकलेल्या जुन्या मापाला. गवंडी म्हणाला, बसवतो कसंही. मी त्याला बसवू दिलं, दिवस हातात नव्हते. पहिल्या मोठ्या पावसात जिथे जिथे जुनं आणि नवं शेजारी होतं तिथे तिथे धार लागली. आजीची फणसाच्या लाकडाची पेटी त्या पाण्यात आठवडाभर उभी होती. तिच्या तळाचा रंग गेला तो गेलाच.

म्हणून कौल बरोबर न्या आणि विक्रेत्याच्या अंगणात, सगळ्यांसमोर, जुळवून बघा. जुनं नव्याच्या डावीकडे ठेवा, मग उजवीकडे, मग वर, मग खाली. चारही बाजूंनी बसलं पाहिजे. तीन बाजूंनी बसलं म्हणजे बसलं नाही. विक्रेता म्हणेल, सगळी सारखीच असतात. ऐकू नका. काचेची कौलं आणि आढ्यावरचे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे, कोनेही याच पद्धतीने बघा. नवं कौल बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत वाजलं तर भाजणी चांगली, बद्द वाजलं तर तडा आहे.

किती घ्यायची? ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण १५०. ही मोजणी पाख्याच्या उतारावरची आहे, खालच्या जमिनीची नाही, इथेही लोक चुकतात. वर ५० जास्तीची घ्या. दरवर्षी माकडं आणि नारळाच्या झावळ्या मिळून काही फोडतातच.

जुन्या मापाचं मिळालंच नाही तर? आधी आसपासच्या गावांत विचारा, कुणी घर पाडून स्लॅब घालत असेल तर त्याच्याकडे जुनी कौलं रचून ठेवलेली असतात. जाताना कौल न्याच, तिथेही. तेही जमलं नाही तर मिसळ करू नका. दोन्ही पाख्यांवरची धड कौलं गोळा करून पुढच्या पाख्यावर घाला आणि मागच्या पूर्ण पाख्यावर नवी, त्या पाख्याच्या रिपा नव्या मापाला पुन्हा ठोकून. पुढच्या वर्षी सुतारकाकांनी आमचं घर असंच सोडवलं. हे त्यांना मी पहिल्याच वर्षी विचारलं असतं, तर ते तेव्हाही सांगायला तयार होते.

उतरवताना आढ्याकडून खाली या, चढवताना वळचणीकडून वर जा. एक पाखं पूर्ण मोकळं आणि दुसऱ्यावर सगळा भार असं ठेवू नका. ब्रासभर कौलांचं वजन साडेतीनशे-चारशे किलो भरतं आणि जुना सांगाडा एकीकडे ओढला जातो. दोन्हीकडून थोडं थोडं काढा. हातमोजे घालाच: कौलाखाली विंचू असतो, कधी गांधील माश्यांचं पोळंही असतं. कौलावर पाय द्यायचा तर खाली वासा असेल तिथे, शेवाळावर कधीच नाही. खांबावरून घरात येणारी विजेची तार बहुधा वळचणीला लागूनच जाते. वायरमनकडून ती बंद करून घेतल्याशिवाय कुणालाही वर पाठवू नका, यात कुणाची घाई ऐकू नका.

छप्पर उघडं असताना लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावून घ्या, वाळवीला ते चांगलं. कातडीला लागलं तर भाजतं, हात झाका.

भिंती यंदा सोडा. खरंच सोडा. ओल दिसते म्हणून लगेच सिमेंटचा गिलावा करायची घाई सगळेच करतात. मातीतल्या चिऱ्याची भिंत बाहेरच्या अंगाने सुकते, सिमेंटने ती वाट बुजते, ओल आत राहते, मग लोणा, म्हणजे भिंतीतला खार, फुटतो आणि गिलावा पापुद्र्याने सुटतो. छप्पर गळायचं थांबलं की एक उन्हाळा जाऊ द्या, मग चुन्याचं बघा. जोत्याभोवतीची माती उतरती करून पागोळ्यांचं पाणी लांब काढा, तेवढं यंदाच.

वायरिंग: लाकडी पट्टीतलं जुनं असेल तर सगळं बदला, अर्थिंग घ्या, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवा. दारं-खिडक्या पावसानंतर. रंग त्याही नंतर.

उरलेली कौलं पडवीत उभी रचा, आडवी नकोत. पहिला जोराचा पाऊस आला की बॅटरी घेऊन माळ्यावर जा आणि ठिबकतंय तिथल्या वाशावर खडूने खूण करा. उघडीप मिळाली की तेवढीच कौलं सारखी करा. आणि त्या रचलेल्या कौलांतली दोन बाजूला काढून गाडीच्या डिकीत ठेवून द्या.